सर्फॅक्टंटची रचना आणि मायसेल: मोजणीचा क्रम चुकला की निष्कर्ष चुकतो

सर्फॅक्टंट म्हणजे साबणासारखे रेणू: एका टोकाला पाण्यात रमणारं डोकं, दुसऱ्या बाजूला पाणी टाळणारी कार्बनांची शेपटी. पाण्यात शेपट्या आत आणि डोकी बाहेर ठेवून ते जे पुंजके बनवतात ते मायसेल. मायसेलवरच्या प्रयोगांचे अहवाल वाचताना एकच चूक मला पुन्हा पुन्हा दिसते. तीन-चार सर्फॅक्टंट घेतलेले असतात, प्रत्येकाची सीएमसी, म्हणजे ज्या संहतीला मायसेल बनू लागतात ती संहती, मोजलेली असते आणि शेवटी ठरलेली ओळ येते: शेपटी लांबली की सीएमसी घटते. पण त्यातल्या एकाच्या डोक्यावर ऋणभार, दुसऱ्यावर धनभार, तिसऱ्यावर भारच नाही आणि चौथा वेगळ्याच तापमानाला मोजलेला. आकडे अगदी बरोबर असले तरी त्यांतून शेपटीबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

म्हणून हा लेख क्रमाने लिहिला आहे. आधी प्रश्न, मग तापमान, मग भांडी आणि द्रावणं, मग मोजणी आणि सगळ्यात शेवटी रचनेबद्दलचं बोलणं. वाट विद्युतवाहकतेची घेतली आहे, कारण मीटर, बीकर आणि ब्युरेट एवढ्यावर ती चालते. भाररहित सर्फॅक्टंटला ती लागू पडत नाही. त्यांचं काय करायचं ते टप्पा 7 मध्ये.

## 1. रेणूचा एकच भाग बदला

सर्फॅक्टंटच्या रेणूत बदलण्यासारख्या गोष्टी मोजक्याच असतात: शेपटीतले कार्बन, शेपटीची फांदी किंवा दुहेरी बंध, शेपट्यांची संख्या, डोक्याचा भार आणि आकार, आणि आयनिक, म्हणजे भारित डोक्याचा, असेल तर सोबतचा विरुद्ध भाराचा आयन, म्हणजे काउंटर-आयन. वहीच्या पहिल्या पानावर लिहा की यातलं काय बदलणार आणि बाकीचं काय तसंच ठेवणार.

शेपटीसाठी सर्वांत सोयीची मालिका म्हणजे अल्किल ट्रायमिथिलअमोनियम ब्रोमाइड: 12 कार्बनांचं डीटॅब, 14 कार्बनांचं टीटॅब आणि 16 कार्बनांचं सीटॅब. डोकं तेच, ब्रोमाइड तोच, फरक फक्त शेपटीत. पुढची उदाहरणं मी याच मालिकेवर दिली आहेत. अधूनमधून सोडियम डोडेसिल सल्फेट, म्हणजे एसडीएस, येईल, कारण त्याचे आकडे सगळ्यांच्या ओळखीचे असतात.

सावधान: एसडीएस आणि डीटॅब दोन्ही 12 कार्बनांचे, म्हणून त्यांची तुलना म्हणजे निव्वळ डोक्याच्या भाराची तुलना, असं समजू नका. तिथे भार, डोक्याचा आकार आणि काउंटर-आयन असं सगळंच एकदम बदलतं.

## 2. तापमान सगळ्यात हट्टी सदस्यावरून ठरवा

प्रत्येक आयनिक सर्फॅक्टंटला एक क्राफ्ट तापमान असतं. त्याच्या खाली पदार्थाची विद्राव्यता सीएमसीपेक्षाही कमी असते, त्यामुळे मायसेल बनत नाहीत, जास्तीचा पदार्थ स्फटिक होऊन तळाशी बसतो. शेपटी लांबली की हे तापमान वर सरकतं. डीटॅब नेहमीच्या खोलीत निमूट विरघळतं. सीटॅबचं क्राफ्ट तापमान मात्र 25 अंश सेल्सिअसच्या आसपास आहे, आणि 25 हेच तर बहुतेकांचं आवडतं तापमान. सकाळी स्वच्छ दिसलेलं द्रावण संध्याकाळी गढूळ का झालं, याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं.

म्हणून मालिकेतल्या सर्वांत लांब शेपटीच्या सदस्याला जे तापमान सोसतं तेच सगळ्यांना लावा. या मालिकेसाठी मी 30 अंश घेतो. पाण्याचा थर्मोस्टॅट हवा, खोलीचं तापमान चालत नाही, कारण एका अंशाला विद्युतवाहकता साधारण 2 टक्क्यांनी बदलते.

तपासणी: मीटरमध्ये आपोआप तापमान-दुरुस्तीची सोय असते, ती बंद करा. ती एक ठरावीक गुणांक धरून वाचन 25 अंशांवर नेते. तो गुणांक सीएमसीच्या वर आणि खाली सारखाच असेल याची खात्री नसते. तापमान स्थिर ठेवा आणि वाचन जसं येईल तसं नोंदवा.

## 3. पाणी, भांडी, पावडर

पाण्याची स्वतःची वाहकता दर सेंटिमीटरला 1 ते 2 मायक्रोसिमेन्सपेक्षा जास्त नको. पिपेट आणि फ्लास्क साबणाने धुतले असतील तर साबण हाही सर्फॅक्टंटच आहे, हे लक्षात ठेवा. भरपूर पाणी, मग अल्कोहोल, मग पुन्हा पाणी, असं धुवा. ऋणभारित आणि धनभारित सर्फॅक्टंटची भांडी वेगळी ठेवा. एसडीएस आणि सीटॅब एकत्र आले की साका बसतो. शिवाय सीटॅब काचेला चिकटून राहतं.

एसडीएसच्या बाबतीत दोन गोष्टी मुद्दाम सांगतो.

पहिली पोटॅशियमची. पोटॅशियम डोडेसिल सल्फेट पाण्यात फार कमी विरघळतं. मी एकदा पीएच मोजायला नेहमीचा काचेचा इलेक्ट्रोड एसडीएसच्या बीकरमध्ये बुडवून ठेवला आणि दुसऱ्या कामाला लागलो. परत येऊन पाहिलं तर इलेक्ट्रोडच्या टोकाशी, जिथून आतलं पोटॅशियम क्लोराइड झिरपतं, तिथे पांढरा ढग लोंबत होता आणि वाचन डगमगत होतं. ढवळल्यावर त्याची बारीक पिसं बीकरभर पसरली. ते द्रावणही गेलं आणि इलेक्ट्रोडचं तोंडही बुजलं. तेव्हापासून एसडीएसजवळ पोटॅशियमचा बफर किंवा तसा इलेक्ट्रोड मी येऊ देत नाही.

दुसरी गोष्ट शुद्धतेची. एसडीएसचं पाण्यात हळूहळू विघटन होऊन डोडेकॅनॉल तयार होतं. ते एसडीएसपेक्षा जास्त पृष्ठसक्रिय असतं, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावर जास्त जोमाने गोळा होतं. पृष्ठताण मोजला तर सीएमसीच्या अलीकडे आलेखात खळगा दिसतो, तो याचाच. वाहकतेत हा दोष चटकन दिसत नाही, म्हणून जास्त फसवतो. पावडर इथेनॉलमधून पुन्हा स्फटिकवून घ्या आणि द्रावण मोजणीच्या दिवशीच करा.

सावधान: एसडीएसची पावडर हलकी असते, उडते आणि नाका-घशाला झोंबते. मास्क लावून तोला. सीटॅब जलचरांना घातक आहे, उरलेलं द्रावण सिंकमध्ये ओतू नका.

## 4. मूळ द्रावण: सीएमसीच्या सुमारे तेरा पट

इथे बरेच जण सगळ्यांसाठी एकच संहती घेतात आणि फसतात. मूळ द्रावण म्हणजे ब्युरेटमधून बीकरमधल्या पाण्यात थोडं थोडं सोडायचं ते. 0.1 मोलर मूळ द्रावण एसडीएसला छान चालतं, पण सीटॅबला घेतलं तर ब्युरेटच्या पहिल्या अर्ध्या मिलिलिटरातच सीएमसी येते आणि खालच्या बाजूला बिंदूच उरत नाहीत.

माझा हिशेब साधा आहे. बीकरमध्ये 50 मिलिलिटर पाणी घ्यायचं आणि मूळ द्रावण अपेक्षित सीएमसीच्या साधारण 13 पट करायचं. मग सीएमसी 4 मिलिलिटरच्या सुमारास येते आणि अर्ध्या-अर्ध्या मिलिलिटरने गेलं की खाली आठेक बिंदू मिळतात.

- डीटॅब, सीएमसी साधारण 15 मिलिमोलर: 200 मिलिमोलर द्रावण, 100 मिलिलिटरला 6.17 ग्रॅम.
- टीटॅब, साधारण 3.7 मिलिमोलर: 50 मिलिमोलर द्रावण, 100 मिलिलिटरला 1.68 ग्रॅम.
- सीटॅब, साधारण 0.9 मिलिमोलर: 12 मिलिमोलर द्रावण, 100 मिलिलिटरला 0.437 ग्रॅम.
- एसडीएस, 25 अंशांना साधारण 8.2 मिलिमोलर: 100 मिलिमोलर द्रावण, 100 मिलिलिटरला 2.88 ग्रॅम.

आता फेस. फ्लास्क जोरात हलवला की मानेत फेस दाटतो, मेनिस्कस, म्हणजे द्रवाची वक्र पातळी, दिसत नाही, आणि खुणेपर्यंत पाणी भरणं म्हणजे अंदाजपंचे काम होतं. आधी बीकरमध्ये थोड्या कोमट पाण्यात हळू ढवळून पावडर विरघळवा. मग फ्लास्कच्या काचेवरून ओघळू देत ओता. द्रावण मोजणीच्या तापमानाला आल्यावरच खुणेपर्यंत भरा आणि मग फ्लास्क सावकाश उलटासुलटा करा. झटके नकोत.

तपासणी: द्रावण उजेडासमोर धरा. एकही कण किंवा धूसरपणा दिसला तर पुढे जाऊ नका. तापमान वाढवा किंवा नवं द्रावण करा.

## 5. मोजणी

मीटरचा सेल, म्हणजे द्रावणात बुडवायचा पत्र्यांचा भाग, 0.01 मोलर पोटॅशियम क्लोराइडने प्रमाणित करा. 25 अंशांना वाचन 1413 मायक्रोसिमेन्स यायला हवं. मग सेल चार-पाच वेळा शुद्ध पाण्याने धुवा आणि धुतलेल्या शेवटच्या पाण्याचं वाचन घ्या. ते मूळ पाण्याइतकं उतरेपर्यंत थांबा.

बीकर थर्मोस्टॅटमध्ये ठेवून पाण्याचं वाचन नोंदवा. अर्धा मिलिलिटर मूळ द्रावण सोडा, चुंबकीय दांडीने हळू ढवळा, ढवळणं थांबवा, वाचन स्थिरावलं की लिहा. असं 12 मिलिलिटरपर्यंत करत राहा. सीएमसी दिसली की थांबण्याचा मोह होतो, पण वरच्या बाजूलाही खालच्याइतकेच बिंदू लागतात. आलेखात सीएमसीच्या खाली एक आणि वर दुसरी रेषा येते (टप्पा 6). दुसरी रेषा तीन बिंदूंवर टेकवली तर तुटीचा बिंदू, म्हणजे जिथे चढ बदलतो ती जागा, हवा तिकडे सरकवता येतो.

वाचन एकाएकी घसरलं तर आधी सेलच्या पत्र्यांमध्ये बघा. मोहरीपेक्षा लहान बुडबुडा तिथे अडकलेला असतो, बाजूने दिसतही नाही. सेल थोडा तिरपा करून बीकरच्या काठाला अलगद टेकवला की तो सुटतो आणि वाचन जागेवर येतं.

सावधान: प्रत्येक वेळी घनफळ वाढतं. संहती काढताना मूळ संहती गुणिले सोडलेलं घनफळ, भागिले एकूण घनफळ, असं करा. आडव्या अक्षावर नुसते मिलिलिटर मांडले तर रेषा वाकतात आणि त्या वाकण्यालाच लोक सीएमसी समजतात.

## 6. आलेख आणि तुटीचा बिंदू

आडव्या अक्षावर संहती, उभ्या अक्षावर वाहकता. दोन सरळ रेषा दिसतील, पहिली जास्त चढी, दुसरी कमी. एसडीएससाठी 25 अंशांना पहिला चढ दर मिलिमोलरला 65 ते 70 मायक्रोसिमेन्स, दुसरा 25च्या आसपास. चढ कमी होण्याचं मुख्य कारण असं: सीएमसीच्या वर घातलेले बहुतेक रेणू मायसेलमध्ये जातात आणि मायसेल आपल्या पृष्ठभागाशी बरेच काउंटर-आयन धरून ठेवतो. ते आयन मोकळे फिरत नाहीत, म्हणून वीजही तितकी वाहून नेत नाहीत.

दोन रेषांच्या मधला गोलसर भाग जुळवणीतून वगळा. ढोबळमानाने अपेक्षित सीएमसीच्या 80 टक्क्यांखालचे बिंदू पहिल्या रेषेला द्या आणि 120 टक्क्यांवरचे दुसऱ्या. रेषा छेदतात ती सीएमसी. शेपटी आखूड असेल, म्हणजे 8 किंवा 10 कार्बनांची, तर तूट फारच मऊ असते. तिथे शेजारच्या दोन-दोन बिंदूंमधला चढ काढून तो संहतीसमोर मांडा. आलेख एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर उतरतो, त्या उताराचा मध्य घ्या.

दुसरा चढ भागिले पहिला चढ केलं की मोकळ्या सुटलेल्या काउंटर-आयनांचा अंश मिळतो. एसडीएससाठी तो 0.4 च्या जवळ येतो. हा आकडा नोंदवूनच ठेवा, पुढे लागणार आहे. मायसेल बनतानाची मुक्त ऊर्जा काढायची असेल तर तो वगळणं ही मोठी चूक ठरते: एसडीएससाठी तो धरला तर रेणूंच्या एका मोलला सुमारे उणे 35 किलोज्यूल येतात, विसरला तर उणे 22.

तपासणी: सगळी मोजणी तीनदा, दर वेळी नव्या द्रावणाने. एकाच द्रावणाने तीनदा मोजलं तर तोलण्यातली चूकही तीनदा तशीच येते.

## 7. आता शेपटीबद्दल बोला

सीएमसीचा लॉग घ्या आणि कार्बनांच्या संख्येसमोर मांडा. सरळ रेषा यायला हवी. 15, 3.7, 0.9 हे आकडे पाहा: दर दोन कार्बनांना चौपट घट, म्हणजे दर कार्बनाला जवळजवळ निम्मी. लॉगच्या भाषेत उतार साधारण 0.3.

भाररहित डोक्याच्या मालिकेत मात्र हाच उतार 0.5 च्या आसपास असतो, दर दोन कार्बनांना जवळपास दहापट. शेपटी तीच, पाणी तेच, मग फरक कशाचा? पाण्यातून मायसेलमध्ये जाताना दर कार्बनाला मिळणारा फायदा दोन्हीकडे सारखाच असतो. पण आयनिक मायसेल बनताना काउंटर-आयनही मोकळेपण सोडून जवळ येतात. त्यामुळे सीएमसी घटवायला तो फायदा पुरा पडत नाही, तो 1 अधिक बांधलेल्या आयनांचा अंश (1 वजा मोकळ्या आयनांचा अंश) यात वाटला जातो. अंश 0.7 धरला तर 0.5 भागिले 1.7 म्हणजे 0.29. मागच्या टप्प्यातला आकडा लागणार तो इथे. भरपूर मीठ घातलं की आयनिक मालिकेचा उतारही 0.5 कडे सरकतो.

फांदी असलेली शेपटी, मधला दुहेरी बंध, किंवा डोकं टोकाऐवजी साखळीच्या मध्यावर जोडलेलं, या तिन्हींमुळे तेवढ्याच कार्बनांची सीएमसी वाढते. कार्बन मोजून तुलना करताना हे बघितलं नाही तर रेषेबाहेर पडलेल्या बिंदूला तुम्ही उगाच मोजणीची चूक म्हणाल.

भाररहित सर्फॅक्टंटसाठी पृष्ठताण किंवा पायरीनची प्रतिदीप्ती वापरा. पायरीन हा प्रकाश टाकला की स्वतः चमकणारा पदार्थ आहे. पायरीन 1 मायक्रोमोलरच्या वर नको. त्याचं ॲसिटोनमधलं द्रावण आधी रिकाम्या फ्लास्कमध्ये टाकून ॲसिटोन उडू द्या, मगच सर्फॅक्टंट घाला. त्याच्या प्रतिदीप्तीच्या वर्णपटातल्या पहिल्या आणि तिसऱ्या शिखराचं गुणोत्तर पाण्यात साधारण 1.8 असतं, मायसेल बनले की ते ठळकपणे खाली येतं.

सावधान: वेगवेगळ्या पद्धतींची सीएमसी तंतोतंत जुळत नाही. एका मालिकेला एकच पद्धत. आयनिक आणि भाररहित यांची तुलना करायची तर दोन्ही पायरीनने मोजा.

## 8. डोकं आणि मीठ

12 कार्बनांची शेपटी तीच ठेवली तर भारित डोक्याची सीएमसी 10 मिलिमोलरच्या घरात येते, आणि आठ इथिलीन ऑक्साइड एककांच्या भाररहित डोक्याची 0.1 मिलिमोलरच्या आसपास. शंभर पटीचा फरक. भारित डोकी एकमेकांना ढकलतात, जवळ यायला खर्च पडतो. मीठ तो खर्च कमी करतं: 0.1 मोलर सोडियम क्लोराइडमध्ये एसडीएसची सीएमसी 8.2 वरून 1.5 मिलिमोलरपर्यंत उतरते. म्हणूनच बफरमध्ये मोजलेली सीएमसी शुद्ध पाण्यातल्या आकड्याशेजारी ठेवणं चुकीचं आहे.

भाररहित डोक्यात इथिलीन ऑक्साइडची साखळी वाढवली तर सीएमसी वाढते, पण सावकाश. ही डोकी तापवल्यावर पाणी सोडतात आणि एका तापमानाला द्रावण ढगाळ होतं. तिथे मोजणी थांबवा.

## 9. मायसेलचा आकार: सगळ्यात जास्त घसरण इथेच

सूत्र सगळ्यांना पाठ असतं: शेपटीचं घनफळ भागिले (शेपटीची लांबी गुणिले डोक्याचं क्षेत्रफळ). उत्तर एक तृतीयांशाखाली आलं तर गोल, अर्ध्यापर्यंत दंडगोल, एकपर्यंत दुपदरी थर. चूक होते ती "शेपटी लांबली म्हणून आकार बदलला" या वाक्यात.

घनफळ घन नॅनोमीटरमध्ये 0.0274 अधिक 0.0269 गुणिले कार्बन. ताणलेली लांबी नॅनोमीटरमध्ये 0.15 अधिक 0.1265 गुणिले कार्बन. 12 कार्बनांना घनफळ 0.350 आणि लांबी 1.67, भागाकार 0.21. 16 कार्बनांना 0.458 आणि 2.17, भागाकार पुन्हा 0.21. स्वतः करून पाहा. एका सरळ शेपटीसाठी लांबी या सूत्रात उरतच नाही! सगळा निकाल डोक्याच्या क्षेत्रफळावर लागतो: 0.63 चौरस नॅनोमीटरच्या वर गोल, 0.42 ते 0.63 दंडगोल, त्याखाली थर. दोन शेपट्या लावल्या की भागाकार दुप्पट होतो. म्हणून 12 कार्बनांच्या दोन शेपट्यांचं डायमिथिलअमोनियम ब्रोमाइड जवळपास तसंच डोकं असूनही थर बांधतं.

शेपटीची लांबी ठरवते ती मायसेलची मोठाई. लांबीएवढ्या त्रिज्येच्या गोलाचं घनफळ एका शेपटीच्या घनफळाने भागा: 12 कार्बनांना सुमारे 56 रेणू, 14 ना 73, 16 ना 94. त्या शेपटीच्या पूर्ण गोल मायसेलमध्ये यापेक्षा जास्त रेणू बसूच शकत नाहीत. एसडीएसमध्ये शुद्ध पाण्यात 60च्या थोडे वर रेणू मोजले जातात, म्हणजे मायसेल किंचित लांबट. 0.1 मोलर मिठात हीच संख्या 90च्या घरात जाते. तिथे "गोल मायसेल" असं लिहिलेला अहवाल मी परत पाठवतो.

सावधान: डोक्याचं क्षेत्रफळ हा रेणूवर छापलेला आकडा नाही. मीठ, तापमान, संहती, काउंटर-आयन यांनी ते बदलतं. तक्त्यातून आकडा उचललात तर तो कुठल्या परिस्थितीतला आहे तेही लिहा.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर 30 अंशांना 50 मिलिमोलर सीटॅब घ्या आणि तेवढ्याच संहतीला येईल इतकं सोडियम सॅलिसिलेट त्यात विरघळवा. सॅलिसिलेट डोक्यांच्या मधे शिरून बसतं, ढकलाढकल कमी होते, क्षेत्रफळ आकसतं आणि मायसेल लांबलचक दोऱ्यांसारखे वाढून एकमेकांत गुंततात. बाटली एक वेढा फिरवून झटकन थांबवा. आत अडकलेले बुडबुडे आधी पुढे जातात, थांबतात आणि मग रबराने ओढल्यासारखे थोडे मागे येतात. शेजारी तेवढंच सीटॅब सॅलिसिलेटशिवाय ठेवा. ते पाण्यासारखं डुचमळतं.